उठताना सांगायचं

डोळ्यांवर काळी पट्टी, हातात पांढरी काठी आणि तोंडाने "सात... आठ... नऊ..." अशी पावलांची मोजणी. अंध मुलांची शिक्षिका व्हायचं, तर आधी वर्गापासून कार्यालयापर्यंत असं चालून दाखवायचं, हा आमच्या बाईंचा दंडक. दहाव्या पावलाला मी कुणावर तरी आदळले आणि कागदांचा गठ्ठा धपकन खाली पडला.

"दिसत नाही का हो?" मी खेकसले.

"नाही," समोरून शांत आवाज आला. "आणि तुम्हाला?"

"मलाही... सध्या नाही."

पट्टी वर करून बघते, तर त्याच्याही हातात पांढरी काठी! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तो मात्र हसत हसत खाली बसून कागद चाचपत होता. संस्थेच्या ब्रेल छापखान्यातला मुद्रितशोधक होता तो. एक ठिपका चुकला तरी पान परत पाठवायचा, म्हणून सगळे त्याला 'मास्तर' म्हणत.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडे ब्रेल शिकायला बसू लागले. बोटांनी, डोळे मिटून.

"तुम्ही बघून वाचताय," तो म्हणायचा.

"कशावरून?"

"बोटाचा आवाज अजून अर्ध्या ओळीवर आहे, आणि तुम्ही वाक्य संपवून मोकळ्या!"

"थोडी लबाड आहे मी."

"थोडी...?"

असं म्हणताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडायची. मी ती खुशाल बघत बसायचे, त्याला कुठे कळतंय म्हणून. तीही लबाडीच की.

बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, अंध माणसाजवळ आलात तर बोला, उठलात तर सांगून उठा. परीक्षेत हे लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले होते.

त्या गुरुवारी उपाहारगृहात तो चहाचा कप नुसताच फिरवत होता. "एक सांगायचंय... हसणार नाही ना?"

"नाही हो. सांगा ना."

तो शब्द शोधू लागला. तेवढ्यात दारातून मैत्रिणींनी खुणावलं. सरावासाठी कुणाला कुठली शाळा मिळाली, ती यादी लागली होती. मनात म्हटलं, अर्ध्या मिनिटात येते. मी चपला हातात घेऊन हळूच सटकले... चपला हातात घेऊन!

दाराशी पोचले आणि मागून त्याचा आवाज आला.

"तुम्ही खेकसलात ना, त्या दिवसापासून रोज तुमच्या पावलांची वाट बघतो मी. तुम्ही... आवडता मला."

समोर रिकामी खुर्ची. त्याने टेबलावर हात जरासा पुढे केला आणि थांबला. मैत्रिणी फिस्सकन हसल्या. आणि मी... मीही हसले. घाबरून म्हणा, लाजून म्हणा, पण हसले. त्याने मान दाराकडे वळवली. माझं हसू तो ओळखणार नाही, असं कसं होईल? तो उठला. कधी कशाला न धडकणारा तो माणूस बाहेर पडेपर्यंत दोन टेबलांना धडकला.

चार दिवस मी छापखान्याकडे फिरकले नाही. "तोंड का पाडलंयस गं?" आईने विचारलं, तर तिच्यावरच डाफरले. रात्रंदिवस डोळ्यांपुढे तो पुढे केलेला हात. स्वतःची इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

पाचव्या दिवशी त्याच्या दारातूनच म्हणाले, "मी आलेय."

त्याची बोटं पानावर फिरतच राहिली. "बरं झालं सांगितलंत."

"मी न सांगता उठले. यादी बघायला गेले, हे खरं. पण हसले ते माझं मीच. माझी मलाच शरम वाटते."

"मलाही वाटली," तो म्हणाला. "हल्ली कुणाशी बोलायच्या आधी हात पुढे करून बघतो. समोर कुणी आहे ना म्हणून."

मला रडूच फुटलं. त्याने हातातलं पान बाजूला ठेवलं.

"पट्टी आहे जवळ?"

"आहे."

"बसा आणि बांधा. आज लबाडी नको."

मी बांधली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फक्त पंख्याची घरघर.

"मास्तर?"

उत्तर नाही. गेला? पट्टी नुसती बोटभर उचलली असती तर कळलं असतं. नाही उचलली.

"तुम्ही असाल, नसाल... मी बोलते. तुमच्या गालाची खळी मी रोज चोरून बघते. मला तुम्ही आवडता. फार आवडता."

काहीच नाही. दाराशी कुणीतरी खाकरलं. माझे कान पेटले. कोण ऐकतंय, कोण हसतंय, काही कळेना. हात आपोआप टेबलावर पुढे गेला... गार लाकूड, खरखरीत कागद, आणखी काही नाही.

आणि मग माझ्या बोटांवर उबदार बोटं आली. एकेका पेरावरून सावकाश फिरली, कुठे काही चुकलंय का ते तपासत.

"इथेच आहे," तो म्हणाला. "उठलो असतो तर सांगितलं असतं तुला."