पाचव्या दिवसाची भूक

“काल भरलेलं पाणी आज नाही हं चालायचं, दुर्वा. सकाळी उठलीस की आधी ते ओतायचं, भांडं लख्ख घासायचं, ताजं भरायचं. मग बाकीचं सगळं.”

आईचा हा आवाज दुर्वाच्या कानात अजून तसाच होता. आठ महिन्यांपूर्वी, चंद्राकडे निघण्याच्या आदल्या दिवशी, आईने तिच्या वेण्या घालता घालता हे सांगितलं होतं. देवापुढचा तांब्या, पिण्याची कळशी, अंगणातलं चिमण्यांचं मातीचं भांडं, यातलं एकही शिळं राहू द्यायचं नाही, हा त्यांच्या घरचा रोजचा नेम. आई चंद्रावर गेल्यावर तो दुर्वाने उचलला. ताप आला होता तेव्हासुद्धा ती शाल गुंडाळून उठली, पण नेम चुकवला नाही.

मग पडवीतली माशांची काचपेटी तरी त्यातून कशी सुटावी? दुर्वा रोज सकाळी नळीने तिच्यातलं अर्धं पाणी काढायची आणि ताजं भरायची. घरकामाचा यंत्रमानव काचा आतून पुसून तळातला कण न् कण शोषून घ्यायचा. त्याचं नाव ‘कारभारी’. सगळ्या गोष्टींत लक्ष घालतो म्हणून नानांनी, म्हणजे दुर्वाच्या आजोबांनी, ते ठेवलं होतं. बाबा बहुतेक वेळ बोटीवर असायचे, त्यामुळे सावंतवाडीच्या त्या घरात सध्या ही तिघंच.

पेटीत मधाच्या रंगाच्या गुरामी माशांची एक जोडी होती आणि दुर्वाचा सगळा जीव त्या जोडीत अडकला होता. चांद्रवसाहतीत आई मातीवाचून, नुसत्या पाण्यावर भाज्या वाढवत होती. त्या पाण्यात मासे सोडले की त्यांच्या विष्ठेतून झाडांना खत मिळतं. हे मासे मुलांनी घरी वाढवलेले असावेत असं ठरलं होतं. मात्र एका गावातून एकाच घरची पिल्लं जायची. अंडी फुटल्यापासून पंधराव्या दिवशी ज्या घरी सर्वांत जास्त पिल्लं जिवंत असतील, त्या घरची. आईच्या हाताशी आपल्या पडवीतलं काहीतरी जिवंत असावं, एवढीच दुर्वाची इच्छा होती.

पण दोनदा अंडी झाली, दोनदा पिल्लं निघाली, आणि दोन्ही वेळा पोहायला लागल्याच्या पाचव्या दिवशी पेटी रिकामी. आता नर तिसऱ्यांदा घरटं बांधत होता. यान सुटण्याआधीची ही शेवटची संधी होती.

गुरामीचं घरटं बुडबुड्यांचं असतं. नर वर येतो, तोंडात हवा घेतो आणि लाळेत गुंडाळलेले बुडबुडे एकाला एक चिकटवत पाण्यावर फेसाची चटई तयार करतो. ही हवा त्याला स्वतःलाही लागते. त्याच्या डोक्यात भूलभुलैया-इंद्रिय (कल्ल्यांच्या वरचा घड्याघड्यांचा अवयव, ज्याने मासा बाहेरची हवा थेट श्वासात घेतो) असतं. हे मासे मूळचे संथ, गवताळ पाण्यातले. तिथे खोलवर प्राणवायू कमी, पृष्ठभागाशी जास्त. म्हणून अंडीही वर, फेसात.

दुर्वा चटईकडे बघत राहिली आणि नानांना म्हणाली की, आपण काहीतरी चुकतोय, पण काय तेच कळत नाही.

“मागच्या वेळी सत्त्याऐंशी होती. पाचव्या दिवशी शून्य,” कारभारी म्हणाला. “माझी बेरीज बरोबर आहे.”

“अरे, ही वजाबाकी झाली,” नाना म्हणाले.

नानांनी चाळीस वर्षं गोड्या पाण्यातल्या जीवांचा अभ्यास केला होता, पण उत्तर आयतं द्यायची त्यांना सवय नव्हती. ते एकेक प्रश्न विचारत गेले. नराने खाल्ली असतील? नाही, पिल्लं पोहायला लागली त्याच दिवशी दुर्वाने त्याला वेगळं काढलं होतं. पाणी गार पडलं? नाही, अठ्ठावीस अंशांवर होतं, वर झाकणही होतं. खाणं कमी पडलं? छे. दिवसातून तीनदा ती बारीक रव्यासारखी पूड टाकायची.

“तू देतेस गं. पण ती खातात का, हे कुणी पाहिलंय?”

ते कुणीच पाहिलं नव्हतं.

नानांनी कपाटातून एक कुपी काढली. मागच्या खेपेची दोन मेलेली पिल्लं त्यांनी जपून ठेवली होती. कारभारीने त्यातलं एक आपल्या भिंगाखाली धरलं आणि चित्र भिंतीवर पाडलं. पापणीच्या केसाएवढं पिल्लू भिंतीवर हातभर लांब दिसलं. शेजारी त्याने पुडीचा एक कण ठेवला.

“तोंड, मिलिमीटरचा दहावा भाग,” तो म्हणाला. “कण, त्याच्या चौपट. पोटात काही नाही.”

दुर्वा भिंतीजवळ गेली आणि त्या एवढ्याशा तोंडावर तिने बोट ठेवलं. तुला जेवायला अख्खा, न सोललेला नारळ वाढला तर काय करशील, असं नाना विचारत होते, पण तिचं लक्ष नव्हतं.

“म्हणजे भरल्या ताटाशी उपाशी ठेवलं मी त्यांना.”

नानांनी समजावलं की, पहिले काही दिवस पिल्लांना खाणं लागतच नाही. त्यांच्या पोटाला पीतक पिशवी (अंड्यातल्या बलकाची उरलेली शिदोरी) असते, तिच्यावर ती जगतात. शिदोरी संपली की खरी भूक लागते, आणि पाचव्या दिवसापर्यंत ती भूक जीव घेते.

“मग तळ्यात कोण येऊन पूड टाकतं त्यांना?” त्यांनी विचारलं.

दुर्वा विचारात पडली. तळ्यात काहीतरी असणार. तोंडाहून लहान, शिवाय जिवंत, कारण मासा हलणाऱ्या गोष्टीवर झडप घालतो. अगदी बरोबर, नाना म्हणाले. जुन्या, साचलेल्या पाण्यात पान पडतं, कुजतं. ते पान जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म जीव) खातात. जिवाणूंना सूक्ष्मप्राणी खातात, एकाच पेशीचे, अंगावरच्या बारीक केसांनी वल्हवत फिरणारे. आणि त्यांना पिल्लं खातात. पान, जिवाणू, सूक्ष्मप्राणी, पिल्लू, अशी ती साखळी.

“मग आपल्या पेटीत ते…” दुर्वाने वाक्य अर्ध्यावर सोडलं. रोज सकाळी नळीने काढलेलं पाणी तिच्या डोळ्यांसमोर आलं. तिचा चेहरा इतका उतरला की कारभारीनेही भिंग मिटून घेतलं. आईने सांगितलेलं चुकीचं होतं का, असं तिने हळूच विचारलं.

“नेम चुकीचा नाही, बाळा. पिण्याच्या पाण्याला तो हवाच,” नाना म्हणाले. “पण पेटीतलं पाणी आपण पितो का? ते माशांचं घर आहे, आणि पिल्लांचं शेतसुद्धा. शेत रोज धुऊन काढलं तर पिकणार काय?”

त्याच दुपारी मादीने अंडी घातली, आणि नाना बोटांवर दिवस मोजू लागले. दीड दिवसाने अंडी फुटणार, पुढचे दोन दिवस शिदोरीवर. म्हणजे चौथ्या दिवशी खाणं तयार हवं. आणि सूक्ष्मप्राणी वाढायला लागतात चार-पाच दिवस. एरवी हे काम अंड्यांच्या आधी सुरू करायचं असतं.

दोघं लगेच मोती तलावावर गेली. काठाची मूठभर पाणवनस्पती तिथल्याच पाण्यासकट आणली, कारण सूक्ष्मप्राण्यांचं बियाणं तिच्यात असतं. काचेच्या बरणीत ते पाणी, बदामाचं एक वाळकं पान आणि केळ्याच्या सालीचा बोटभर तुकडा. तोंडाला पातळ फडकं, आणि बरणी खिडकीत.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं आणि घाण वास सुटला. हे जिवाणू, आधी तेच वाढणार, असं नानांनी सांगितलं, तरी दुर्वाने नाक दाबलं. त्याच संध्याकाळी तलावापलीकडच्या केतकीचा फोन आला. वर्गात तिचं न् दुर्वाचं फारसं पटायचं नाही. केतकीचीही दोनदा पिल्लं गेली होती आणि तिचा नरही आता पुन्हा घरटं बांधत होता. कुठली पूड टाकतेस, असं तिने विचारलं. दुर्वा म्हणाली की, आम्ही वेगळंच काहीतरी करून बघतोय, पण जमेल की नाही ते माहीत नाही.

“जमलं तर सांगशील?”

“सांगेन,” दुर्वा म्हणाली आणि घाईने फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी कारभारी बरणी उचलून मोरीकडे निघाला होता. दुर्वाने धावत जाऊन त्याचा हात धरला.

“शिळं आहे,” तो म्हणाला. “फार शिळं.”

“असू दे. जेवण आहे ते.”

“कोणाचं?”

दुर्वाने पेटीकडे बोट केलं. फेसाखाली स्वल्पविरामांसारखी पिल्लं शेपट्या खाली सोडून लटकली होती. एखादं निसटून तळाकडे जाऊ लागलं की नर त्याला तोंडात धरून पुन्हा वर नेऊन ठेवायचा. कारभारी जरा वेळ बघत राहिला. मग त्याने बरणी जागेवर ठेवली आणि काचा पुसायचं फडकंही गुपचूप वाळत घातलं.

चौथ्या दिवशी पिल्लं आडवी होऊन पोहायला लागली. दुर्वाने नराला वेगळं काढलं. बरणी मात्र दुधाळच. शिदोरी अजून एखादा दिवस पुरेल, असं नाना म्हणाले, पण त्यांच्या बोलण्यातलं ‘एखादा’ दुर्वाला नीट ऐकू आलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तिने बरणी उजेडात धरली. पाणी निवळून फिकट चहाच्या रंगाचं झालं होतं. घाण वास जाऊन ओल्या मातीसारखा वास येत होता. आणि उन्हाच्या तिरिपेत जशी धूळ नाचते तसे पांढुरके ठिपके त्यात फिरत होते. कारभारीने थेंबभर पाणी भिंगाखाली घेतलं. भिंतीवर चपलेच्या आकाराचे पारदर्शक जीव सरसर धावू लागले. ही पॅरामिशियम (पाण्यातले केसाळ एकपेशीय सूक्ष्मप्राणी), असं म्हणताना नानांचा आवाज तरुण झाला होता.

दुर्वाने ड्रॉपरने पेटीच्या चार कोपऱ्यांत थोडं थोडं पाणी सोडलं. एक पिल्लू थबकलं, मागे वाकलं, आणि पुढे झेपावलं. अर्ध्या तासाने कारभारीने भिंतीवर दाखवलं, तेव्हा त्या पिल्लाचं पोट पांढरं, टम्म दिसत होतं.

पिल्लं पोहायला लागल्यापासूनचा तो धोक्याचा पाचवा दिवसही आला आणि गेला. त्या दिवशी पेटीत एकोणऐंशी पिल्लं फिरत होती. आठवडाभरात त्यांची तोंडं मोठी झाली की आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातले इवलेसे झिंगे) पिल्लं खाऊ घालायची, तोवर बरणी, असं नानांनी सांगून ठेवलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. चंद्राहून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात, आणि त्या अडीच सेकंदांतही दुर्वाला थांबवत नव्हतं. सगळं ऐकून आई इतकी हसली की तिच्या मागची पालकाची पानंही हलल्यासारखी वाटली. आम्हीही इथे पाण्याचा थेंब न् थेंब धुऊन घेतो, ती म्हणाली. आता एक बरणी मुद्दाम मुरत ठेवायला हवी, म्हणजे तुमची पिल्लं आली की पुढे त्यांची पिल्लंही इथेच जगतील. मग तिने सहज विचारलं, “केतकीची कशी आहेत गं?”

अडीच सेकंद गेले. आणखीही गेले. दुर्वाने विषय बदलला.

फोन झाल्यावर ती पेटीसमोर बसली. केतकीची पिल्लं कालपासून पोहत होती, असं शाळेत कुणीतरी म्हणालं होतं. केतकीकडे नेहमीच शंभराच्या वर निघायची. गावातून एकाच घरची जाणार. नाना चष्मा पुसत होते.

दुर्वा उठली. धुतलेली दुसरी बरणी घेऊन तिने खिडकीतलं अर्धं पाणी तिच्यात ओतलं, सालीचा नवा तुकडा टाकला, तोंडाला फडकं बांधलं. ड्रॉपर खिशात घेतला. चपला पायात सरकवल्या, आणि बरणी हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी छातीशी धरून ती तलावाच्या काठाने, बेताने पावलं टाकत, पलीकडे निघाली.