अर्धा कोयता

"माजा वाल्मिक जित्ता हाय बाई! त्यानं चित्र धाडलंय," म्हणत बायडाबाईंनी कागद टेबलावर पसरला.

डिटेक्टिव्ह राजेश्वरी गर्जे तो निरखू लागल्या. त्यांचा मदतनीस सुनील याला मात्र म्हातारीकडे बघवेना. ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला तिचा एकुलता एक लेक दोन वर्षं परतला नव्हता. गेल्या पोळ्याला नवराही वारला, तेव्हापासून तिने अन्नच टाकलं होतं. हे चित्र आलं आणि दोन घास पोटात जाऊ लागले. आता तिला लेक शोधून हवा होता.

चित्रात उसाचा फड, जोडीजोडीने तोडणी करणारी माणसं. पाचटाच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, दारात मोकळ्या कपाळाची बायडाबाई. बांधावर एक बाई एकटीच, खांद्यावर कोयता.

"खाली सही आहे. म्हणजे जिवंतच!" सुनील म्हणाला. उतावळेपणात त्याचा हात धरणारा नगरात कोणी नव्हता.

दोघे तिच्याबरोबर पाथर्डीकडच्या तिच्या गावी गेले. ऊसतोड्यांची टोळी नेणारा मुकादम सहादेव आधी मोकळा बोलला. "नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता. वाल्मिकचा बाप अंथरुणावर, म्हून बायको मागं ऱ्हायली. त्यो एकलाच आलता, अर्धा कोयता."

"मग गेला कुठे?"

सहादेवने नजर चुकवली. "सून काय म्हनली?"

सून पंकजा अंगण सारवत होती. कपाळभर कुंकू. भिंतीवर रंगीत मोर.

"जायच्या आधी त्येंनीच काढल्यात," ती म्हणाली. राजेश्वरींनी मोराला हात लावला आणि बोट गुपचूप रुमालाला पुसलं.

मग त्यांनी सहादेवलाही अंगणात बोलावलं.

"बायडाबाई, वाल्मिक गेला तेव्हा तुमच्या कपाळी कुंकू होतं. मग त्याने मोकळं कपाळ कसं काढलं?"

"फोनवर कळलं असेल," सुनील म्हणाला.

"बाप गेल्याचं कळूनही लेक आला नाही?" त्यांनी निळा डाग पडलेला रुमाल दाखवला. "दोन वर्षांपूर्वीचा रंग असा बोटाला येत नाही. मोर काढणारा हात घरातच आहे, आणि हे चित्रही त्याच हाताचं. पंकजा, खोटी सही तुला जमली, पण बांधावर स्वतःशेजारी नवरा काढवला नाही."

पंकजाने सासूचे पाय धरले. "ट्रॉलीखाली गेले वो आत्या. मुकादमानं तिकडंच क्रियाकर्म उरकलं. मामा अंथरुणावर हुते, म्हून कुनाला न सांगायची शपथ म्याच त्येला घातली. मग तुमी अन्न सोडलं..."

बायडाबाईंनी मारायला हात उचलला. तो सुनेच्या कुंकवापाशी आला आणि तिथेच थांबला. आपण आलो नसतो तर बरं झालं असतं, असं सुनीलला मनापासून वाटलं.

"सहादेवा," हात खाली घेत म्हातारी म्हणाली, "औंदा मला तिकडंच ने. त्यो पडला त्या फडात."

"एकट्या बाईला कसं नेऊ मावशी?"

"एकटी कुठं? ही अर्धी, मी अर्धी. एक कोयता लिव्ह."