न लागलेलं दही

वच्छलाने गाडग्यातलं दूध कुंपणाबाहेर ओतलं, आणि ते नेमकं सायकलवरून उतरणाऱ्या माणसाच्या बुटांवर पडलं.

"पाय धुवायची रीत बरी आहे जी तुमच्याकडं," तो म्हणाला.

"मधात काऊन आले मग?"

हा खुशाल, गोरेगावच्या गुरांच्या दवाखान्यातला डॉक्टर. वच्छलाकडच्या म्हशीची कास पुन्हा पुन्हा सुजायची, म्हणून तो पेनिसिलिन टोचून जायचा. हे औषध या भागात नवंच होतं. दर खेपेला वच्छला आत चुलीपाशी असे. आज पहिल्यांदाच समोर आली... आणि तो बूट पुसायचं विसरला.

"चांगलं दूध कायले फेकता?"

"दही लागून नाही राह्यलं." ती थांबली. "माय गेली, तवापासून."

मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांच्या पानातही दह्याऐवजी पातळ दूध पडलं होतं. पोरीचा हात अशुभ, असा त्यांचा निरोप आला. तेव्हापासून तिलाही तसंच वाटत होतं. आज बाप, सुकराम, देवरीच्या एका बिजवराकडे बोलणी करायला गेला होता.

"हात तर चांगला दिसून राहिला," खुशाल म्हणाला.

"दुरून."

"जवळून पाहू?"

ती हसली... किती दिवसांनी. मग त्याने विचारलं, "म्हैस कवा आजारी पडली?"

"माय गेली त्याच हप्त्यात."

त्याने दोन वाट्या मागितल्या. एकीत शेजारच्या गाईचं दूध, दुसरीत म्हशीचं. विरजण एकच, हातही तिचाच. वाट्या चुलीजवळ ठेवून दोघं उंबरठ्याच्या दोन बाजूंना बसली. बोलणं थोडं झालं, पाहणं जास्त.

दुपार कलली तेव्हा तिने वाट्या कलवल्या. गाईचं दही हललं नाही. म्हशीचं दूध पाण्यासारखं डुचमळलं.

"औषध दुधात उतरते. विरजण मारते," तो म्हणाला. "हात अशुभ होता तो माझा. तुमचा... तुमचा मला द्याल?"

तिने उत्तर द्यायला मान वर केली, तर दारात सुकराम उभा होता.

"दही लागलं, बापू," ती म्हणाली.

त्याने वाटीकडे पाहिलं, मग खुशालकडे. "लागलं असन, पोरी. पन सुपारी फोडून आलो मी. दिला शबद कसा फिरवू?"

खुशालने पिशवी उचलली. वच्छलाने निघणाऱ्या माणसाच्या हातावर ठेवतात तसं चमचाभर दही त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"हे खाल्लं की परत यावं लागते," तो म्हणाला.

"म्हनूनच खाऊ नका जी."

त्याने मूठ मिटली, आणि दुसऱ्या हाताने सायकल ढकलत तो निघाला. बोटांतून दह्याचं पाणी गळत होतं.