चाकं जरा बाहेर

मी हात करत होते, आणि तो वेग वाढवत होता.

श्रीरामपूरहून स्कूटीवर बेलापूरला येत होते मी. भाद्रपदातला भुरभुर पाऊस, दोन्ही बाजूंना ऊस, आणि पुढे एक लाल, दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स कार. आमच्याकडे अशी गाडी रस्त्यावर आली की लोक हातातलं काम टाकून बघतात. मी मात्र गाडीकडे बघतच नव्हते. तिचं मागचं डावं चाक बघत होते. ते डुलत होतं.

“ओ दादा! थांबा!” मी ओरडले.

त्याने आरशात पाहिलं. हसला... चक्क हसला, आणि गाडी आणखी पळवली. मला राग आला आणि भीतीही वाटली. पुढच्या वळणावर मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता म्हणून बरं, नाहीतर ते चाक कालव्यात जाऊन पडलं असतं. आणि गाडीही.

मी स्कूटी आडवी लावली. त्याने काच खाली केली. डोळ्यांत अजून ते हसू होतंच.

“हरलात ना?” तो म्हणाला.

“तुमचं मागचं चाक निघायला आलंय.”

हसू मावळलं. तो खाली उतरला, वाकून बसला, चाकाला हात लावून बघितलं. चाक हातात हललं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“मला वाटलं, तुमी... शर्यत लावताय.”

“स्कूटीवरून?”

“आता ध्यानात आलं,” तो हळूच म्हणाला, “लईच येडपटपना झाला.”

त्याचं नाव समर्थ. पुणतांब्याचा. पेरूची बाग आणि रोपवाटिका. ही गाडी नाशिकच्या एका डॉक्टरांच्या घरामागे ताडपत्रीखाली कित्येक वर्षं पडून होती. ती त्याने टेम्पोत घालून आणली, आणि फावल्या वेळात खोलत-जोडत चालती केली. सगळं एकट्याने, व्हिडिओ बघून. चालती तर झाली, पण चाकं मडगार्डच्या आत बसलेली दिसायची, आजारातून उठलेल्या माणसाच्या गालांसारखी. म्हणून त्याने चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, यांच्यामध्ये स्पेसर बसवले होते. स्पेसर म्हणजे धातूची जाड चकती. ती घातली की चाक तेवढं बाहेर येतं.

“चकती घातली, पण बोल्ट तेवढेच आखूड ठेवले,” मी म्हणाले. “नटाला धरायला आटेच उरले नाहीत.”

“तुमाला कसं कळलं?”

“आमचं बेलापुरात व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. चाकं बघणं हाच धंदा.”

मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, चाकणच्या कारखान्यात नोकरीही केली. पण तिथे दिवसभर मी एका पडद्यावरचे आकडे बघायचे. गाडीला हात लागायचाच नाही. शेवटी परत आले आणि आप्पांच्या दुकानात उभी राहिले. आप्पा म्हणजे माझे वडील, भागवत आप्पा. त्यांना आनंद झाला आणि काळजीही. मुलीने गाडीखाली शिरायचं, तर लग्नाचं कसं व्हायचं?

त्या दिवशी समर्थने रस्त्याच्या कडेला चारही स्पेसर काढले, आणि नुसत्या चाकांवर गाडी हळूहळू आमच्या दुकानापर्यंत आणली. मग रोज यायला लागला. लांब बोल्ट मिळाले का, ते विचारायला. हबवर गच्च बसतील असे स्पेसर मागवायचे होते, त्यांचं माप द्यायला. मग तर नुसती हवा तपासायला.

“त्या पोराच्या टायरातली हवा रोजच कशी कमी व्हती गं?” आप्पांनी विचारलं.

“जुने टायर आहेत,” मी म्हणाले. टायर कोरे करकरीत होते.

सामान आलं तेव्हा आम्ही दोघांनी मिळून बसवलं. तो प्रश्न विचारत सुटायचा. चाक बाहेर आलं की बेअरिंगवर किती भार येतो? स्टिअरिंग जड का होतं? खड्ड्यात टायर मडगार्डला घासेल का? काही उत्तरं मला येत होती. काही येत नव्हती, तेव्हा आम्ही दोघंही गाडीखाली डोकं घालून बघत बसायचो. एकदा बघता बघता त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि दोघंही उगाचच एकाच नटाकडे बघत राहिलो...

“पैल्याच भेटीत दादा म्हनलात मला,” तो पुटपुटला.

“मग काय म्हणायचं होतं?”

“समर्थ चाललं असतं.”

“टॉर्क पाना द्या, समर्थ,” मी म्हणाले. त्याने पान्याऐवजी पकड दिली.

गाडी देखणी दिसायला लागली, यात शंका नव्हती. चाकं मडगार्डच्या बरोबरीने आली, आणि ती बुटकी गाडी पाय रोवून उभी राहिल्यासारखी वाटू लागली. पण वळणावर ती खरंच बरी चालते का? मी म्हणाले, दिसण्यापलीकडे फरक जाणवणार नाही. तो म्हणाला, जाणवेल. आमची तिथे जुंपली.

“मग परीक्षा घेऊ,” तो म्हणाला. “तुमी चालवा. स्पेसर आहेत का न्हाई ते मी सांगनार न्हाई. तुमीच ओळखायचं.”

साखर कारखान्याचा हंगाम अजून सुरू व्हायचा होता. उसाच्या गाड्या जिथे रांगेत उभ्या राहतात ते मोठं डांबरी आवार मोकळं पडलेलं. वॉचमन वाल्मिक मामा आप्पांचे मित्र; त्यांनी फाटक उघडलं आणि छत्री घेऊन तमाशा बघायला बसले. समर्थने पेरूचे रिकामे क्रेट ओळीने मांडले. त्यांच्यामधून नागमोडी गाडी काढायची.

पण त्या दुपारी माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मला बघून गेलेल्या नाशिकच्या पाहुण्यांचा सकाळीच फोन आला होता. मुलगा चांगल्या नोकरीला, घर मोठं, मुलगी पसंत. फक्त लग्नानंतर दुकान वगैरे नको, असं त्याच्या आईने सांगितलं होतं. मुलगा तर माझ्याशी मोजकंच बोलला होता. आप्पांना संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं. हे मी समर्थला सांगितलं नव्हतं. वाल्मिक मामांनी सांगितलं... आम्ही फाटकातून आत येता-येताच.

तो “पाठ करून उभ्या रहा,” एवढंच म्हणाला.

मी पाठ करून उभी राहिले, पण कान तिकडेच होते. जॅक वर गेला, नट सुटले, आवळले. प्रत्येक नट मापात आवळला गेल्याचा टॉर्क पान्याचा ‘कट्’ असा आवाज आला. माणूस शिकला होता.

मी बसले. क्रेटमधून गाडी काढली. वळणावर गाडी अंग टाकत होती, जराशी, पण टाकत होती.

“स्पेसर काढलेत,” मी म्हणाले.

“बरोबर.”

पुन्हा जॅक, पुन्हा कट्-कट्. या वेळी गाडी सरळ, ताठ वळली. स्टिअरिंग मात्र थोडं जड. बारीक खड्डासुद्धा हाताला कळला.

“बसवलेत. आणि... मी हरले. फरक आहे. फार नाही, पण आहे.”

त्याने मान डोलावली. जिंकल्याचा आनंद काही दिसला नाही. “आता शेवटचं.”

तिसऱ्यांदा मी जास्तच सावकाश चालवली. मग पुन्हा एकदा. गोंधळले. नट सुटल्याचे आवाज तर नीट ऐकले होते मी. तो खिडकीशी वाकून उभा होता, केसांवर पावसाचे थेंब.

“काय बदललं?” त्याने विचारलं.

“काहीच नाही. सगळं मघासारखंच आहे.”

“नक्की?”

“नक्की. नट काढून तुम्ही तेच परत बसवलंय. मला फसवायला निघालात?”

“फसवायला न्हाई...” तो अडखळला. “बघायचं होतं, मला बरं वाटावं म्हनून काहीतरी सांगतेस, का जे हाय तेच सांगतेस.”

तो मला ‘तू’ म्हणाला होता. त्याच्याही ध्यानात आलं. पण त्याने ते मागे घेतलं नाही.

“जे आहे तेच सांगते,” मी म्हणाले.

“मग आनखी एक सांग. नाशिकला काय कळवनार हायेस?”

पाऊस टपावर वाजत होता. लांब वाल्मिक मामा छत्रीआडून भलतीकडेच बघत होते, आणि मुद्दाम बघत होते.

“नाही म्हणून कळवणार आहे.”

“का?”

“मला दुकान सोडायचं नाही, म्हणून...” मी थांबले. जे आहे तेच सांगायचं ठरलं होतं. “आणि मला रोज दुपारपासून रस्त्याकडे बघायची सवय लागलीय. लाल गाडी दिसतेय का म्हणून.”

त्याने कपाळावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, “पेरू पहाटे तोडत्यात. सकाळी गाड्या भरून गेल्या, की दुपारी मी मोकळा. तू दुकानातून संध्याकाळी सुटशील. तुझे हात ग्रीसचे, माझे मातीचे... चालंल का तुला?”

“विचारतोयस की सांगतोयस?”

“विचारतोय, जया.”

“चालेल,” मी म्हणाले.

घरी आले तेव्हा आप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. मी नाशिकला नकार द्यायचा म्हणाले. मग समर्थचं नाव घेतलं.

“त्याला गाडीबिगर दुसरं काय येतं?” त्यांनी विचारलं.

“चुकलं तर मान्य करता येतं, आप्पा. आणि विचारता येतं.”

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. नाशिकला फोन लावला. दोनच वाक्यं बोलले, फार आदराने. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “त्याला म्हनावं, उद्या आईला घिऊन ये. चहा-पानी करू, बोलू.”

मी परसात जाऊन फोन लावला. त्याने लगेच उचलला, पण हॅलो म्हणायचं विसरला.

“आप्पा म्हणतायत, उद्या आईला घेऊन ये.”

मग फोन तसाच हातात धरून तो घरभर “आये! ओ आये!” अशा हाका मारत पळत सुटला. त्याची पावलं, कुठलंसं दार आपटलं ते, कुत्रं भुंकलं ते... आणि शेवटी “आरं काय झालं, पडला का काय?” असं विचारणारा एक घाबरलेला, मायेचा आवाज — सगळं मी ऐकत राहिले.