एकही ओळ न गाळता

आधी दिसला तो त्याचा जेवणाचा डबा. माझ्या बियाणं तपासायच्या कपाटात, ओल्या कागदावर मांडलेल्या गव्हाच्या दाण्यांशेजारी ऐटीत बसलेला!

"हा कुणाचा?" मी कडाडले.

दारातला उंच माणूस कान पकडून म्हणाला, "माझा. मला वाटलं, फ्रीज आहे."

"फ्रीज उबदार असतो का?"

"म्हणूनच वाटलं... बिघडलेला असेल."

हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली. तो आमच्या कार्यालयातला नवा दुभाषी. परदेशातून मदत म्हणून येणाऱ्या बियाण्याची पत्रं आमच्या भाषेत आणणारा. मी ते बियाणं पास-नापास करणारी. मला सगळे 'नापासबाई' म्हणतात, हे त्याला दुपारपर्यंत कळलंही होतं.

यंदाच्या पुरात डोंगराकडच्या गावांचं धान्यच काय, बियाणंसुद्धा वाहून गेलं होतं. त्यांच्यासाठीच समुद्रापलीकडून हा गहू आला होता. पेरणीला चार आठवडे उरले होते. मी पास म्हटलं तरच पोती गोदामातून हलणार, नाहीतर त्या घरांच्या चुली वर्षभर दुसऱ्यांच्या दयेवर.

आठव्या दिवशी मी दाणे मोजले. शंभरातले उगवले फक्त नऊ.

रात्री घरी जेवताना आत्या म्हणाली, "ताट चिवडू नकोस. आणि एक सांगू? मघापासून गव्हाचा विषय एकदा काढलास, दुभाष्याचा तीनदा."

"आत्या, काहीतरीच काय!"

पण झोप लागली नाही. सकाळी मी न उगवलेला एक दाणा कापला. मेलेलं बी सडतं. हा तर आतून पांढराशुभ्र, टणटणीत होता. मी गव्हाबरोबर आलेल्या पत्राचं भाषांतर घेऊन थेट दुभाष्याकडे गेले.

"इथं तुम्ही लिहिलंय, 'गार जागी साठवा'. मूळ पत्रात काय आहे?"

त्यानं वाचलं... पुन्हा वाचलं. चेहरा उतरला.

"'तपासणीआधी ओलं करून आठवडाभर गारठ्यात ठेवा. ताजा गहू झोपलेला असतो. शेतातली गार माती त्याला आपोआप उठवते.' मला ती नेहमीची साठवणीची सूचना वाटली... निम्मी ओळ मी गाळलीच. चूक माझी."

आणि मी काही बोलायच्या आत तो साहेबांच्या खोलीत जाऊन ते सांगूनही आला. चूक झाली की दुसऱ्याकडे बोट दाखवणारे मी पुष्कळ पाहिलेत. हा वेगळाच निघाला. मला तो तेव्हाच आवडला, उगाच आढेवेढे कशाला घेऊ?

"यापुढे एकही ओळ गाळायची नाही," मी दटावलं. "शपथ?"

"शपथ."

नवे शंभर दाणे ओले करून आम्ही कँटीनच्या फ्रीजमध्ये ठेवले. जागेसाठी त्याचा डबा बाहेर आला. रोज दुपारी आम्ही दोघं बघायला जायचो, आणि तो दार अलगद लावत कुजबुजायचा, "हळू... झोपलेत."

मग दाणे परत माझ्या उबदार कपाटात गेले. आठव्या दिवशी मी मोजले, त्यानं मोजले, मी पुन्हा मोजले. चौऱ्याण्णव! आनंदाच्या भरात मी त्याचा हात धरला, आणि सोडायचं राहूनच गेलं.

पोती त्याच दिवशी डोंगराकडे निघाली. पेरणी वेळेवर झाली, कोंब वर आले. गहू पाठवणाऱ्या तिकडच्या वयस्क संशोधक बाईंना मी आभाराचं पत्र सांगितलं. तो लिहितच बसला.

"मी तर चारच ओळी सांगितल्या!"

"त्यांची भाषा... जरा लांबलचक आहे."

पंधरवड्यानं उत्तर आलं. तो वाचू लागला, "'कोंब आल्याचं वाचून डोळे भरून आले. त्या गावांना माझा नमस्कार...'" आणि थांबला. त्याचे कान लालबुंद.

"पुढे?"

"पुढे... शुभेच्छा वगैरे."

"खाली अजून एक ओळ आहे. भाषा येत नसली तरी मोजता येतं मला. शपथ आठवतेय ना?"

त्यानं पत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. "त्या विचारतात... 'त्या मुलीला विचारलंस का? काय म्हणाली ती?'"

"कुठली मुलगी?"

"...तुम्ही."

छातीत एवढं धडधडत होतं की त्यालाही ऐकू गेलं असावं. मी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला.

"उत्तर द्यायला हवं ना? मग लिही." 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. "लिही... नापासबाई म्हणाली, पास."

तो बघतच राहिला. "एवढंच? एकच ओळ?"

"त्यांची भाषा लांबलचक आहे ना?" मी म्हटलं. "मग कागद भरेपर्यंत लिही."