अनुकारसेतू

भूक नसतानाही सुलक्षणाने भाकरीचा घास तोंडाकडे नेला, आणि समोर खुर्चीत बसलेल्या अण्णांचा हातही घास घेऊन उठला. चार वर्षं हे असंच चाललं होतं. ती जेवली तर वडील जेवणार, ती चालली तर चालणार.

अपघातात अण्णांचं मानेखालचं शरीर लुळं पडलं होतं. पण दुसऱ्याला पाणी पिताना पाहिलं, की आपल्याही मेंदूतल्या काही पेशी आपणच पेला उचलत असल्यासारख्या जाग्या होतात. समोरचा काय करतोय ते उमगायला त्यांची मदत होते. डॉ. हेमांगी दातारांनी अण्णांच्या त्या पेशी बारीक तारांनी थेट स्नायूंना जोडल्या. या जोडणीला त्या 'अनुकारसेतू' म्हणत. स्वतःच्या इच्छेने अण्णांना बोटही हलवता येत नसे.

"माझ्याऐवजी दुसरं कुणी नाही चालणार?" सुलक्षणाने दातारांना विचारलं होतं. "भोपाळची नोकरी पुन्हा नाही येणार, डॉक्टर."

"दोन नर्स बसवून पाहिल्या ना? पेशी ढिम्म. तुला ते तू रांगत होतीस तेव्हापासून ओळखतात."

"मग सेतू काढा."

"आता तारा काढल्या तर जीव जाईल त्यांचा."

शेवटी अण्णाच म्हणाले, "सुले, तू जा. नर्स भरवेल मला. पडून राहीन."

"मी निघाले की उठाल मागोमाग."

"डोळे मिटतो. पावलंही ऐकू नकोत. कानांत कापूस घाल."

तिने कापूस घातला. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून ओघळलेलं पाणी पुसलं. नर्सला सांगून, बॅग खांद्याला अडकवून ती निघाली.

दोन गल्ल्यांपलीकडे स्टँडवर गाडी लागली होती. रांगेत उभी असताना नर्सचं ओरडणं कानांवर आलं. सुलक्षणाने वळून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध अण्णा येत होते. डोळे घट्ट मिटलेले, कानांत कापूस, एक हात खांद्यावर, नसलेल्या बॅगेचा पट्टा धरल्यासारखा. त्यांना काही दिसत नव्हतं की ऐकू येत नव्हतं. पण माणूस पुरता ओळखीचा असला, की तो आता काय करत असेल याचा अंदाज मेंदू आपणहून बांधतो, आणि त्या पेशींना तेवढंही पुरतं. आता फाटक, आता कोपरा, आता स्टँड. अण्णा मनातल्या मनात लेकीला पोचवायला निघाले होते.

"अण्णा, थांबा! मी इथंच आहे!" ती रांग सोडून जिवाच्या आकांताने धावली.

मोकळ्या रस्त्यावर अण्णांनी बसच्या पायरीसाठी पाय उंच उचलला आणि ते कोसळले.

तिने त्यांचं रक्ताळलेलं डोकं मांडीवर घेतलं. कानांतला कापूस काढायच्या आतच ते पुटपुटले, "खिडकीपाशी बस हो, सुले." आणि पडल्या पडल्या त्यांचे गुडघे बसण्यासाठी हळूच दुमडले.