अंधारातला न हलणारा ठिपका

फोटोत मामा नव्हता. मामाची गाडीही नव्हती. होता तो नुसता काळाकुळकुळीत, गुळगुळीत अंधार.

शाल्मलीच्या पाचावर धारण बसली. आणि का बसू नये? बारा वर्षांची पोर, चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर एका विवराच्या काठाशी उभी, आणि सोबतीला कोण, तर खंड्या नावाचा एक जुनाट यंत्रमानव! समोरचं विवर असं, की त्याच्या तळाशी सूर्याचा किरण कधी पोचलेलाच नाही.

तिचा दिगूमामा चंद्रावरच्या बर्फाचा अभ्यास करायचा. सुट्टीत भाचीला फिरवायला त्यानेच आणलं होतं. "तू इथेच थांब, फोटो काढत बस. मी बर्फाचा नमुना घेऊन आलोच," असं म्हणून तो गाडी घेऊन काठाकाठाने पलीकडे गेला. थोड्या वेळाने तिच्या शिरस्त्राणातल्या रेडिओवर त्याचा आवाज आला, "अगं, गाडी घसरतेय..." आणि रेडिओ बंद पडला. खाली गाडीच्या दिव्यांचाही मागमूस नव्हता.

"मामाकडे हवा किती आहे रे?" शाल्मलीने घाबरत विचारलं.

"एक तासाची," खंड्या म्हणाला. बिचाऱ्याला धीर देता येत नव्हता, हिशेब तेवढा यायचा. "मदतीची गाडी बोलावलीय, वीस मिनिटांत काठाशी येईल. खाली उतरायच्या वाटा तीन, एकेकीला अर्धा तास. वाट चुकली, तर दुसरी धरायला वेळ उरणार नाही."

"त्यांच्या गाडीला दिवे असतील ना?"

"शंभर पावलांपुरते. विवर चार किलोमीटर रुंद आहे."

"मग तू बघ ना!"

"माझे डोळे पायाखालचे खड्डे बघण्यापुरतेच आहेत."

म्हणून तिने आपला नवा कोरा कॅमेरा रोखला होता. आणि त्यात दिसला हा असा अंधार!

"पण हा दोनशे मेगापिक्सेलचा आहे!" ती रडकुंडीला आली. (मेगापिक्सेल म्हणजे प्रकाश टिपणारे दहा लाख कप्पे.)

खरं तर आईने ठरवून दिलेल्या पैशांत दुकानात दोन कॅमेरे बसत होते. एक बारा मेगापिक्सेलचा, एक दोनशेचा. दुकानातल्या काकू जीव तोडून सांगत होत्या, "बाळ, चंद्रावर काळोख फार. बाराचा घे, त्याचे कप्पे मोठे आहेत." पण ऐकेल ती शाल्मली कसली! बारा म्हणे! दोनशेचा घेऊन ती आठवडाभर वर्गात मिरवली होती. नाव मोठं, लक्षण खोटं, दुसरं काय!

"याचा सेन्सर केवढा आहे?" खंड्याने विचारलं. (सेन्सर म्हणजे भिंगामागची प्रकाश झेलणारी चकती.)

"नखाएवढा."

"त्या नखात वीस कोटी कप्पे कोंबलेत." खंड्या चिपळूणला बनलेला, त्यामुळे त्याला पावसाशिवाय उदाहरण सुचत नसे. "भुरभुर पावसात अंगणात परात ठेवली, तर तळाशी पाणी साचतं. त्याच जागेत बाटल्यांची बुचं मांडली, तर एकेका बुचात धड थेंबही पडत नाही. समोरचा कडा उन्हात आहे ना? त्याच्यावरून उसळलेला प्रकाश खाली असाच भुरभुरतोय. कप्पा रिकामा राहिला, की त्यात खोटेच ठिपके उमटतात. त्यांना गोंगाट म्हणतात. तुझा कॅमेरा फोटो देखणा दिसावा म्हणून तो गोंगाट पुसून टाकतो. त्या भरात खरा ठिपकाही पुसतो."

"म्हणजे यानेच मामाला पुसलं?" शाल्मली ओरडली.

"आधी ती पुसापुशी बंद कर. मग सोळा-सोळा कप्पे जोडून त्यांचा एकेक मोठा कप्पा करायला सांग. मात्र दोनशेचे..."

"बारा राहतील. राहू देत! मामा हवाय मला!"

तिने कॅमेरा एका खडकाच्या सावलीत दगडावर टेकवला. बोटाच्या धक्क्याने हलू नये म्हणून आपोआप फोटो निघायची कळ लावली आणि भिंग तीस सेकंद उघडं ठेवलं. थेंबे थेंबे तळे साचे, तसा प्रकाश साचू दे म्हणाली. ते तीस सेकंद संपता संपेनात.

फोटो आला. कणीकणीचा, घाणेरडा, आणि त्यात शेकडो पांढरे ठिपके! यातली मामाची गाडी कुठली? शाल्मलीला रडूच फुटलं.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. मदतीच्या गाडीतले काका होते. "काठाशी आलोय. काही दिसलं नसेल तर मधली वाट धरतो."

"थांबा ना काका, एकच मिनिट!" ती खंड्याकडे वळली. "खोटे ठिपके दर वेळी त्याच जागी येतात?"

"नाही. ते कुठेही उमटतात."

"मग खरा जागचा हलणार नाही!"

तिने आणखी दोन फोटो काढले आणि तिन्ही शेजारी शेजारी लावले. पहिल्यातले ठिपके दुसऱ्यात नव्हते, दुसऱ्यातले तिसऱ्यात नव्हते. फक्त डाव्या उताराखाली चार ठिपक्यांची एक आडवी रेघ तिन्ही फोटोंत तिथल्या तिथे होती. गाडीचं पांढरं छत!

"डावी वाट! डावी!"

"नक्की का, बाळ? परत फिरता येणार नाही."

आपण चुकलो असलो तर? तिने पुन्हा एकदा तिन्ही फोटो पाहिले. "नक्की," ती म्हणाली.

पुढचा अर्धा तास तिने खंड्याचा लोखंडी हात घट्ट धरून काढला. खंड्या मिनिटं मोजून सांगू लागला, तेव्हा ती त्याच्यावर ओरडली. आणि मग एकदाचा रेडिओ बोलला, "सापडला! पाय मोडलाय, पण तोंड चालू आहे."

शाल्मलीने खंड्याला मिठीच मारली.

संध्याकाळी वसाहतीच्या दवाखान्यात मामा पायाला प्लॅस्टर घालून तेच फोटो पुन्हा पुन्हा बघत होता. "शमे, अशाने अख्खं विवर टिपता येईल गं! तिथं काय काय असेल, कुणी पाहिलंय? मी बरा झालो की दोघं मिळून शोधू."

इतक्यात आईचा फोन आला. तिला अजून कुणी काही कळवलं नव्हतं. "काय गं, सहलीचे फोटो पाठवलेस ते बघतेय. हा एक नुसता ठिपक्याठिपक्यांचा कसला? कॅमेरा बिघडला की काय?"

"नाही गं आई. नीट बघ, डावीकडे खाली चार ठिपक्यांची आडवी रेघ आहे ना? तिथे मामा आहे. हवा संपत आली होती त्याची. आता इथे माझ्या शेजारी बसलाय."

चंद्रावरून पृथ्वीला विचारलं, तर उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. आईचं उत्तर यायला त्याहून खूप जास्त वेळ लागला.